बाळाजीचं विमान

खारशेतच्या बाळाजी राऊताला मोठं व्हायची हौस कधीच नव्हती. त्याला मोठ्यांच्या शेजारी उभं राहायची हौस होती. मोठं व्हायला काहीतरी करावं लागतं. शेजारी उभं राहायला धुतलेले कपडे आणि हसरं तोंड पुरतं, आणि या दोन्ही गोष्टी बाळाजीकडे बारमाही तयार असत.

तरुणपणी तो एका आमदाराच्या गाडीचं दार उघडायचा. आमदार पडला त्याच संध्याकाळी बाळाजी निवडून आलेल्याच्या मिरवणुकीत गुलाल खेळत होता. मग मुरुडच्या बाजूला सिनेमावाले आले. त्यांना त्याने आपल्या वाडीतली शहाळी फुकट पाजली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी त्याला बाजाराच्या एका प्रसंगात गर्दीत उभं केलं. सिनेमा आला तेव्हा पडद्यावर बाळाजीचं कोपर दिसलं. ते कोपर त्याने गावाला वर्षभर दाखवलं.

घर चालत होतं ते त्याच्या बायकोवर, कोकिळेवर, आणि धाकट्या भावावर, सदावर. नारळ-सुपारीची वाडी सदा बघायचा. वाडीत पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या, त्यांच्या चादरी, त्यांची सुरमईची ताटं आणि त्यांच्या तक्रारी कोकिळा बघायची. बाळाजी पाटी बघायचा. रस्त्यावरच्या पाटीवर मालक म्हणून त्याचं नाव होतं, आणि ते जरा पुसट झालं की तो स्वतः ब्रश घेऊन बसायचा.

कोकिळा थळची. माहेराशेजारी मोठा कारखाना, आणि त्याच्या भोंग्यावर ती लहानाची मोठी झालेली. तिच्या बापाने पोरांना एकच गोष्ट पढवली होती: आवाज कसलाही होवो, बघायला पळायचं नाही, आधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं. खारशेतची माणसं बरोबर उलटी निघाली. इथे टायर फुटला तरी अर्धं गाव चपला न घालता धावायचं. आणि सगळ्यांच्या पुढे तिचा नवरा. लग्नानंतर महिन्याभरात तिने त्याला पुरतं ओळखलं आणि भांडायचं सोडून दिलं. भांडण बरोबरीच्याशी करतात, असं तिचं मत होतं. त्याच्या बढाया ऐकताना ती मनातल्या मनात हसायची आणि ताट जरा जोरात आपटायची. एवढ्यावर तिचा संसार वीस वर्षं निभावला. सदा तेवढा तिच्या जिव्हाळ्याचा. ती आली तेव्हा तो चड्डीतला पोर होता, आई नसलेला. तिच्याच हातचं खाऊन वाढला. पुढे त्याने बैलांची एक जोडी बाळगली, हरण्या आणि पाखऱ्या. गावदेवीच्या जत्रेला किनाऱ्यावर बैलगाड्यांची शर्यत लागते, तिच्यात ही जोडी धावायची. सदा त्यांना स्वतःच्या आधी पाणी दाखवायचा.

तर अशा या गावात विमान आलं.

खाडीपलीकडे मुंबईच्या एका बड्या घराने जमीन घेऊन बंगला बांधला. त्या घरातला तिशीतला मुलगा ऋत्विक, गावाच्या तोंडी ऋत्विकशेठ. त्याने बंगल्यामागे मुरूम टाकून पट्टी केली आणि दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान आणलं. सुट्टीच्या दिवशी तो ते स्वतः उडवायचा. उडवेना का. समोर एवढा मोकळा दर्या पसरलेला, हवं तितकं उडवावं. पण दर्या टाळ्या वाजवत नाही. त्यामुळे ऋत्विकशेठला माणसांवरूनच जायचं असे, आणि तेही इतक्या खालून की खालच्याने मान आवळून घ्यावी.

पहिल्याच महिन्यात मनुबाईचा सुकत घातलेला जवळा विमानाच्या वाऱ्याने उडून वाळूत मिसळला. मनुबाई म्हणजे कोळीवाड्यातली म्हातारी, सुकी मासळी विकून पोट भरणारी. तिने विमानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि लोकांनी तिचाच व्हिडिओ काढला. मग किनाऱ्यावर भाड्याने फिरणारं एक घोडं बुजलं आणि पुण्याच्या एका पाहुण्याच्या पोराचा हात मोडला. लोक म्हणाले, घोडंच भित्रं. एकदा होडी रंगवणारा एक जण घाबरून रंगाच्या डब्यासकट चिखलात आडवा झाला, त्यावर तर गाव आठवडाभर पोट धरून हसलं. माणसाच्या डोक्यावरून पाच-सहा पुरुष उंचीवर लोखंड भिरभिरतंय यात हसण्यासारखं काय आहे, ते कोकिळेला कळेना. तिने नवऱ्याला एकदाच विचारलं.

“ह्या यंत्राला खोकला आला तं ते कुणाच्या डोसक्यावर पडंल?”

बाळाजीने तिला समजावलं की हे परदेशी यंत्र आहे, त्याला खोकला येत नसतो, आणि तिच्या माहेरच्यांनी कधी विमान पाहिलेलं नसल्यामुळे तिला भीती वाटणं साहजिक आहे. कोकिळेने ताट आपटलं आणि विषय संपला.

बाळाजी तोवर शहाळ्यांचा घड घेऊन खाडीपलीकडे जाऊन आला होता. मोठ्या माणसापर्यंत शहाळं पोचलं की बाळाजी पोचलाच. ऋत्विकशेठने त्याला एक काम दिलं: किनाऱ्यावर उभं राहायचं आणि विमान येताना लाल उपरणं हलवायचं. एक हात वर म्हणजे किनारा मोकळा आहे, ये. दोन्ही हात वर म्हणजे अजून खाली ये, लोकांना मजा वाटतेय. किनारा मोकळा नसला तर काय करायचं ते ठरलंच नव्हतं, कारण तशी वेळ येईल असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही. किनाऱ्यावर पोरं खेळत असोत की बाया चिंबोऱ्या वेचत असोत, बाळाजीचा हात वर जायचाच. मग विमान डोक्यावरून जाताना दोन्ही पंख जरा हलवायचं, आणि बाळाजी आजूबाजूच्यांना सांगायचा, हे मला होतं बरं का. चहाच्या टपरीवर तो आता ‘आपलं विमान’ म्हणू लागला. घरी पंक्चर झालेली मोटारसायकल तीन महिने भिंतीला टेकून होती.

यंदाच्या जत्रेआधी शर्यतीच्या कमिटीत बाळाजीने कल्पना मांडली. दरवर्षी गाड्या ओहोटीच्या ओल्या वाळूवर ओळीने लावतात. प्रत्येक जोडीच्या तोंडाशी दोन माणसं बैलांची शिंगं धरून उभी राहतात. निशाण पडलं की ती बाजूला उडी मारतात आणि गाड्या सुटतात. बाळाजी म्हणाला, निशाण काय कोणीही पाडतं. यंदा विमान ओळीवरून जाईल आणि तीच सुटायची खूण. मुरुड-अलिबागपर्यंत नाव होईल. कमिटीतल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. त्यात एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी टाळीसुद्धा दिली.

सदाने तेवढा विरोध केला. बैलांना तो आवाज सोसणार नाही, दरवेळी गोठ्यात ते खुंटा उपटायला बघतात, असं त्याने भावाला सांगितलं. बाळाजीने त्याला झापलं. बैलाने विमानाला भ्यायचं की विमानाने बैलाला, म्हणून चारचौघांत हसं केलं. थोरला भाऊ वडिलांच्या जागी. सदा गप्प बसला, आणि घरी आल्यावर वहिनीपाशी एवढंच म्हणाला की मी माझी गाडी अगदी पाण्याकडेला लावीन, गर्दीपासून लांब. कोकिळेला वाटलं, आपण काही बोलावं. पण नवऱ्याशी बोलून काय उपयोग, हे तिने वीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

जत्रेच्या दिवशी किनारा माणसांनी फुलला. बायका, म्हातारी माणसं, मुलं नेहमीप्रमाणे वरच्या कोरड्या वाळूत बसली. मनुबाई पुढेच होती, बोंबलाची पाटी घेऊन. शर्यतीला आलेला माणूस जाताना सुकं नेतोच. परवानगीच्या अटीप्रमाणे रुग्णवाहिका आली होती. बाळाजी पांढरेशुभ्र कपडे घालून एका उलट्या होडीवर चढला. त्या उंचीवरून त्याला सगळं गाव दिसत होतं, म्हणजे सगळ्या गावाला तो दिसत होता.

दर्याच्या बाजूने विमान आलं. बाळाजीने एक हात वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाळाजी राऊताच्या नावाने कोणीतरी ओरडलं, आणि त्या ओरडण्याने हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या बाळाजीने दुसराही हात वर केला. विमान खाली आलं, आणि आणखी खाली आलं. आवाज असा झाला की बैलांची शिंगं धरून उभी असलेली माणसं सरळ वाळूत पालथी पडली. त्यांना दोष देता येत नाही. होडीवरचा बाळाजीसुद्धा उपरण्यासकट गुडघ्यांवर आला होता. बाकीच्या जोड्या वाट फुटेल तशा पुढे धावल्या. सदाची जोडी पाण्याकडेला, म्हणजे आवाजाच्या सगळ्यात जवळ. ती आवाजाकडे पाठ करून वळली आणि कोरड्या वाळूकडे निघाली, जिथे माणसं बसली होती. सदाला उडी मारता आली असती. तो कासरा धरून राहिला, सबंध अंग मागे टाकून. त्यामुळे गाडी तिरकी झाली आणि मुलांच्या घोळक्याच्या बाजूने निघून गेली. मनुबाई मात्र तिथेच होती. विमान आलं की जवळ्याचं काय होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती बोंबलाच्या पाटीवर पदर पसरून ओणवी झाली होती. चाक तिच्या पाठीवरून गेलं. पुढच्या दगडावर गाडी उलटली आणि सदा तिच्याखाली आला.

किनाऱ्यावर शेकड्यांनी मोबाइल वर धरलेले होते. सगळे आभाळाकडे. एकाही मोबाइलात मनुबाई नव्हती. रुग्णवाहिकेचा चालक चांगलं दिसावं म्हणून टपावर चढला होता आणि चावी खिशात आहे हे आठवायला त्याला वेळ लागला. तोवर बर्फाच्या टेंपोवाल्या खलीलने दोघांना आपल्या गाडीत घातलं. कोकिळा मागे बसली, म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन. मुरुड यायच्या आत मनुबाई गेली. सदाची मांडी आणि कंबर मोडली होती, त्याला पुढे अलिबागला नेलं.

त्या संध्याकाळी बाळाजीच्या ओट्यावर कमिटी बसली. शर्यतीची परवानगी जाईल, गावाचं नाव जाईल, अशी काळजी सगळ्यांना होती. मनुबाई गेली याची काळजी करायला वेळ उरला नाही. तेवढ्यात बाळाजीचा फोन वाजला. इतके दिवस ऋत्विकशेठचा माणूस फोन करायचा. आज शेठ स्वतः होता, आणि तो ‘बाळाजीभाऊ’ म्हणाला. लाचखोरांनाही काही किंमत असते. बाळाजी एका ‘भाऊ’वर विकला गेला.

दुसऱ्या दिवशी चौकीत त्याने जबाब दिला: विमान माडांच्या कितीतरी वरून गेलं. बैल मुळातच मस्तवाल. सदाने त्यांना खिळा टोचला, म्हणून उधळले. पाठोपाठ कमिटीने, मास्तरांसकट, तसंच सांगितलं. सदावर गुन्हा दाखल झाला, म्हातारीच्या मरणाचा आणि जनावरांच्या छळाचा. बैल गेला नि झोपा केला, तशी कमिटीने किनाऱ्यावर एक पाटी लावली: बैलगाडीपासून सावध राहा. अक्षर बाळाजीचं होतं.

कोकिळेने विचारलं, स्वतःच्या भावावर घातलंत? बाळाजी म्हणाला, सदा काय, गावातला पोर, वर्षा-दोन वर्षांत सुटेल; शेठसारख्या माणसाच्या आयुष्याला डाग लागला तर तो कायमचा. हे तो मनापासून म्हणाला, आणि कोकिळेला तेच अधिक किळसवाणं वाटलं.

ती अलिबागला दवाखान्यात गेली. सदा छताकडे बघत पडला होता. खिळा कुठला, त्याने कधी चाबूकही उगारला नव्हता. पण जबाब त्याच्यापर्यंत पोचला होता, आणि थोरला भाऊ बोलला म्हणजे काहीतरी असेलच, अशी त्याची अजूनही समजूत.

“वयनी,” तो म्हणाला, “माज्याच बैलांनी मारली ना तिला? मीच कासरा वडला चुकीचा.”

कोकिळेने त्याला पेज भरवली. परतीच्या एसटीत तिने ठरवलं की उद्या चौकीत जायचं. उद्या आला, खोल्यांत पाहुणे आले, आणि नवऱ्याचं तोंड बघितलं की तिला वाटायचं, या माणसाविरुद्ध बोलणं म्हणजे सुद्धा याला मोठं करणं. ती ताटं आपटत राहिली. चौकी तिथेच होती, एसटी रोज जात होती, आणि ती गेली नाही.

मनुबाईचा दहावा रविवारी आला. किनाऱ्याच्या टोकाला, खाडीच्या मुखाशी, तिच्या मुलाने, दादूने, पिंड ठेवले. सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या कोणी अंथरल्या? बाळाजीने. पाण्याची भांडी, भटजींसाठी पाट, काही कमी पडू दिलं नाही त्याने. मंडळी मागे सरून उभी राहिली. कावळे सुरूच्या झाडांवर होते. दादूने हात जोडून आईला सांगितलं की नातीचं शिक्षण सोडणार नाही, तुझी पाटी सून चालवील. एक कावळा खाली उतरला. उड्या मारत पिंडाच्या जवळ आला, मान वाकडी करून बघू लागला. बायकांनी श्वास रोखला.

खाडीपलीकडून घरघर ऐकू आली.

मधले दिवस गप्प बसलेलं विमान गुन्हा दुसऱ्यावर दाखल झाल्यावर पुन्हा सुखाने उडायला लागलं होतं. ते खाडीच्या मुखावरून आलं, तसंच, तेवढ्याच खालून. सुरूंवरचे झाडून सगळे कावळे उडाले. पिंडापाशी आलेलाही उडाला आणि दूर टेकडीकडे गेला. आणि कोकिळेने पाहिलं की बाळाजीचा उजवा हात आपसूक वर गेला होता. मग कुठे आहोत हे ध्यानात येऊन त्याने तोच हात केसांवरून फिरवला.

लोक थांबले. ऊन चढलं. कावळा काही परत आला नाही. दादूने जे जे कबूल करता येईल ते ते कबूल केलं, आवाज फुटेपर्यंत. शेवटी बाळाजीच पुढे झाला, मदतीला तो नेहमीच पुढे, आणि भटजींना म्हणाला, दर्भाचा करा की, चालतो ना शास्त्राला, लोक किती वेळ उन्हात राहतील. भटजींनी दर्भाची गाठ मारून कावळा केला आणि तो पिंडाला लावायला दादूच्या हातात दिला.

कोकिळा बायकांतून बाहेर आली. भर दहाव्याला बायकोने नवऱ्यासमोर उभं राहण्याची खारशेतमध्ये रीत नाही. तिने दादूचा हात धरला.

“बाबा, थांब जरा,” ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. “जबाब खोटा दिलात. भावाच्या हातात खोटा खिळा दिलात. आता कावळाबी खोटा देता? खरा आलता म्हातारीपाशी, सगल्यांनी बघितला. तुमच्या विमानानं हाकलला.”

बाळाजीने लोकांकडे बघून हसून घेतलं, बायकांचं डोकं उन्हाने फिरतं म्हणाला. कोणी हसलं नाही. मास्तर वाळूत काठीने रेघा ओढत होते. कोकिळेने त्यांच्याकडे एकदा बघितलं, कमिटीकडे बघितलं, आणि तिला या सगळ्यांची इतकी शिसारी आली की त्यात ती स्वतःही आली. तिने चपला हातात घेतल्या आणि वाळू तुडवत रस्त्याकडे निघाली. बाळाजी मागून धावला. घरच्या अब्रूचं काय, शेठ काय म्हणतील, असं तो म्हणत होता. मुरुडची एसटी आली तशी ती चढली. बाळाजी पायरीपर्यंत आला, पण गाडीत चार ओळखीचे चेहरे दिसले तसा तो त्यांना हात करत मागेच राहिला.

चौकीतल्या साहेबाने तिला बसायला खुर्ची दिली. तो म्हणाला, बाई, तुमच्या नवऱ्याचाच जबाब आहे, त्याच्याविरुद्ध बोलताय, कोर्टात उभं राहावं लागेल. ती म्हणाली, राहीन. खुणेला हात कोणी केला, एक केला की दोन केले, सदाच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, सगळं तिने सांगितलं. साहेब लिहीत होता. मग त्याने विचारलं की विमान नक्की किती उंचीवर होतं. माडाएवढं, कमी, जास्त, काहीतरी सांगा, कारण बाकीचे सगळे उंच म्हणतात आणि शेठचा वकील हेच विचारणार.

त्या दिवशी सगळं गाव विमान बघत होतं, आणि कोकिळेनेही मान वर केली होती, बापाने पढवलेलं विसरून.

“उंचीचं मला कळत न्हाय,” ती म्हणाली. “पन आतला मानूस हसत व्हता. त्याचे दात दिसले मला. आता तुमीच काय ती उंची लिवा.”